दोन बाह्या

मी थंडावा विकतो.
ग्वायाकिलमध्ये तो फारसा विकावा लागत नाही;
जानेवारीत माणसं निथळत आत येतात
आणि समोर दिसेल त्या एसीपुढे
शर्टाचं बटण सोडून उभी राहतात.

दोन्या एदुविहेस किमी उभ्या राहिल्या नाहीत.
पर्समधून डबी काढून काउंटरवर उघडली:
टाचण्या. सगळ्या तांबूस.
"नाताळात घेतल्यात. आता सॅटिनला टोचली
की नवरीच्या छातीवर गंजाचा ठिपका.
मला गार नको, पोरा. कोरडं हवंय."

चार वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं.

मी पाठ केलेलं म्हटलं:
इतके बीटीयू, इतके चौरस मीटर,
खाली चाकं, हातात रिमोट, बारा हप्ते.
त्या मशीनच्या पाठीमागे गेल्या,
जसं कपड्याची उलटी बाजू बघतात.
"ही सोंड कशाला?"
"गरम हवा खिडकीतून बाहेर फेकते, सेन्योरा."
"आणि फेकली त्या जागी?"

गोदामात एका नळीची बेचाळीस पडून होती.
मालक सकाळीच म्हणाला होता, आधी ती हलव.

"एक धागा इथे ओढला
की कापड तिकडे चुणतं," त्या म्हणाल्या.
"हवा काय वेगळी असणार?"

काउंटरवर एक रातकिडा येऊन बसला,
पावसाळ्यात इथे सगळीकडेच असतात ते.
मी त्याच्याकडे बघत बोललो:
"दाराखालून येते. फटींतून.
बाहेरचीच. ओली."

मग आतून दुसरं आणलं, दोन नळ्यांचं.
एक ओढते, एक सोडते,
खोलीला कुणाकडून श्वास उसना घ्यावा लागत नाही.
जड आहे. घोरतं. आणि किंमत—
त्यांनी बोटांवर मोजली:
"म्हणजे अडीच लग्नं."
नोटा मोजल्या तेव्हा त्याही दमट होत्या,
एकमेकींना सोडवेनात.

घर आस्तियेरोत, लाकडी, वरचा मजला.
खिडकीला काच नाही, नुसत्या तिरप्या पट्ट्या.
ज्यानं बांधलं त्याला नदीचा वारा आत हवा होता,
आम्ही तो बाहेर ठेवायला आलो होतो.
खोक्यातली प्लॅस्टिकची पट्टी कुठेच बसेना.
परत नेतो म्हणणार, एवढ्यात
त्यांनी गळ्यातली टेप काढली
आणि नळ्यांची मापं घेतली, मनगटाची घेतात तशी.
जुनं मेणकापड, दोन बाह्या, टोकाला इलास्टिक.
चाळीस मिनिटांत मशीनला अंगरखा झाला.
"काखेत ओढत नाही ना?"
मी तपासलं. नव्हतं ओढत.

बाहेर हॅमॉकमध्ये त्यांचे आब्दोन.
आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेलेलं, कान अर्धे.
"दार लावलं की रातकिडे ऐकू येत नाहीत," ते म्हणाले.
"रातकिडे मला शिलाई देत नाहीत," आतून उत्तर.

दुसऱ्या दिवशी गेलो. जायचं कारण नव्हतं.
नळीखाली बादली, गळ्यापर्यंत भरलेली.
सात लिटर. एका रात्रीत.
दोन्या वाकून पाण्यात बघत होत्या:
"हे आमच्या खोलीत होतं?
आम्ही हे छातीत ओढत होतो, आणि झोप येत नाही म्हणत होतो?"
ओतून दिलं नाही त्यांनी.
इस्त्रीत भरलं, आणि तीच हवा
वाफ होऊन बुरख्याच्या जाळीवर उतरली.
नव्या टाचण्या पांढऱ्या, उशीत ओळीनं.

तेव्हा लक्षात आलं, दार उघडं आहे.
दोन बोटं. खाली चपलेचा अडसर, मुद्दाम.
फटीतून हॅमॉकची दोरी करकरत होती.
ओल आत येतेय हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत;
मी काही बोललो नाही.

सोमवारी एका नळीची तीन विकली.
कुणी काही विचारलं नाही.
एकोणचाळीस उरलीत.